हलक्या रायफलीवर स्कोप कोणता घ्यावा आणि तो कशावर बसवावा?

प्रश्न असा आहे. यावल तालुक्यातला एक जण न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर डेअरी फार्मवर कामाला आहे. तिथला शस्त्रपरवाना रीतसर काढून त्याने टिक्का टी३एक्स लाइट ही .३०८ काडतुसाची रायफल घेतली आहे, वजन तीन किलोच्या आत. लाल हरिण आणि ताहर (डोंगरातला रानबोकडासारखा प्राणी) यांच्यामागे डोंगर चढायचा बेत आहे. दुकानदार ५-२५×५६ चा (५ ते २५ पट, पुढची काच ५६ मिमी), ३४ मिमी नळीचा स्कोप गळ्यात मारतोय. बरोबर काम करणारा गोरा म्हणतो, साधा ३-९×४० घे. ‘रिंगा काय, कुठल्याही चालतील ना?’ असंही विचारलंय; रिंगा म्हणजे स्कोपला रायफलीवर धरून ठेवणाऱ्या कड्या. शिवाय तिथला जुना स्कोप गावी काकांच्या .३१५ रायफलीवर बसेल का, हा उपप्रश्न.

भाऊ, रिंगांपासूनच सुरुवात करतो, कारण खरी मेख तिथेच आहे. कुठल्याही चालणार नाहीत. मी फौजेत आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो, आता भुसावळला असतो आणि ओळखीपाळखीच्या परवानाधारकांच्या व क्लबच्या रायफली बघून देतो. ‘स्कोप खराब झालाय, झिरो धरत नाही’ (नेम आणि गोळी यांची जुळणी टिकत नाही) म्हणून जे माझ्याकडे येतात, त्यातल्या बहुतेकांचा स्कोप ठणठणीत असतो. ढिला असतो बेस, म्हणजे रिंगांखालचा पाया, नाहीतर रिंग.

हे हलक्या रायफलीला जास्त का लागू पडतं, ते बघा. गोळी पुढे जाते तेवढ्या संवेगाने रायफल मागे येते. काडतूस तेच ठेवून रायफलीचं वजन चार किलोवरून तीनवर आणलं, की धक्क्याची ऊर्जा एक-तृतीयांशाने वाढते. हा धक्का तुमच्या खांद्याला कळतो तसा स्कोपलाही कळतो. रायफल झटक्यात मागे येते आणि स्कोप जागच्या जागी राहू बघतो, म्हणजे रिंगांच्या हिशेबाने तो पुढे सरकू बघतो. ढोबळ गणित मांडून पाहिलं: .३०८ ची १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी नळीतून बाहेर पडायला साधारण सव्वा मिलीसेकंद लागतो. तेवढ्या वेळात साडेतीनशे ग्रॅमचा स्कोप रिंगांना सरासरी सत्तर-ऐंशी किलोच्या जोराने ओढतो. दुकानदाराचा तो किलोभर वजनाचा स्कोप लावला तर ओढ दीडशे किलोच्या पुढे जाते. रायफल जड झाल्यामुळे धक्का थोडा कमी होतो, ते धरूनसुद्धा. आणि ही सगळी ओढ चार-सहा बारीक स्क्रू आणि रिंगेच्या पकडीवर.

आता सरकण्याचा हिशेब. दोन रिंगांमध्ये १२ सेंमी अंतर आहे आणि त्यातली एक आडवी ०.१ मिमी हलली, म्हणजे केसाएवढी. १०० मीटरवर गोळी ८ सेंमी बाजूला जाईल, ३०० मीटरवर २५ सेंमी. ताहरच्या छातीतली मर्माची जागा जेमतेम २० सेंमीची असते. त्यामुळे काचेवर दोन पैसे कमी गेले तरी चालतील, माउंटवर, म्हणजे बेस आणि रिंगांवर, नको.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट, कारण हे उत्तर इथलेही लोक वाचतील. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. सातपुड्यात कुणी हे ज्ञान वापरायला जाऊ नये. न्यूझीलंडची गोष्ट निराळी आहे. तिथे वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. लाल हरिण एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून आणून सोडलं, हिमालयातला ताहर १९०४ मध्ये माउंट कुकजवळ सोडला. तो आपल्याकडे संरक्षित आहे आणि तिकडे डोंगरावरचा झाडोरा खाऊन उजाड करतो म्हणून सरकारच त्याची संख्या कमी करत असतं. सरकारी जमिनीवर संवर्धन खात्याचा परवाना घ्यावा लागतो, तो फुकट मिळतो.

आता टिक्काच्या बॉडीवर येऊ, म्हणजे नळी आणि बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) ज्यात बसतात त्या भागावर. तिच्या माथ्यावर दोन्ही कडांना खाच कापलेली असते, १७ मिमी रुंदीची, तिला डव्हटेल म्हणतात. शिवाय स्क्रूसाठी आटे पाडलेली भोकंही असतात. म्हणजे तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत: खाचेला थेट चिमटणाऱ्या रिंगा, किंवा भोकांत स्क्रू मारून बसवलेला बेस आणि त्यावर रिंगा.

खाचेच्या रिंगा हलक्या पडतात आणि एक जोड कमी होतो. जोड जितके कमी, तितक्या ढिलं व्हायच्या जागा कमी. मला त्या पसंत आहेत, पण एका अटीवर: रिंगेच्या पोटाला धक्का अडवणारी खुंटी हवी. टिक्काच्या बॉडीत त्या खुंटीसाठी भोक ठेवलेलं असतं. स्वतः कंपनीच्या ऑप्टिलॉक रिंगांना ती असते, बाहेरच्या काही चांगल्या मेकच्या रिंगांनाही असते. खुंटी नसलेली स्वस्त रिंग नुसत्या चिमट्यावर धरलेली असते आणि .३०८ च्या धक्क्याने खाचेवरून पुढे घसरत जाते. खाचेच्या काळ्या रंगावर चकचकीत ओरखडा दिसला की समजायचं, सरकली. एक खबरदारी मात्र घ्या. ११ मिमी खाचेच्या रिंगा असतात त्या एअर रायफल आणि .२२ साठी. ऑनलाइन मागवताना लोक सर्रास हीच चूक करतात आणि मग कानशीने घासून बसवायला बघतात.

दुसरा रस्ता बेसचा. पिकॅटिनी पट्टीच्या खाचा ५.२ मिमी रुंद आणि एकमेकींपासून १० मिमीवर असतात, हे अमेरिकी लष्कराचं ठरलेलं माप आहे. वीव्हर या दुसऱ्या प्रकारच्या पट्टीच्या खाचा त्याहून अरुंद, ४.६ मिमीच्या, आणि त्यांच्या अंतराला काही नियम नाही. म्हणून वीव्हरची रिंग पिकॅटिनीवर बसते, उलट बसेलच असं नाही. पिकॅटिनीवर रिंग लावताना रिंगेचा आडवा बोल्ट खाचेत टाकून रिंग रायफलीच्या नळीच्या तोंडाकडे पुढे दाबायची आणि तशीच दाबून कसायची. मग पहिल्या धक्क्याला सरकायला जागाच उरत नाही. लांब लोखंडी पट्टी नको, शे-सव्वाशे ग्रॅम उगाच वाढतात. ॲल्युमिनियमची चालेल. बेस आणि रिंगेचा खालचा भाग एकाच तुकड्यात असलेले हलके माउंटही मिळतात, टॅली कंपनीचे या प्रकारातले प्रसिद्ध आहेत. जोडी साधारण साठ ग्रॅमची. ‘ॲल्युमिनियम कच्चं असतं’ ही इकडची समजूत, चांगल्या मिश्रधातूच्या बाबतीत ती खरी नाही. झटपट निघणारे खटक्याचे माउंट मात्र तुम्हाला नकोत. तुमच्या रायफलीला लोखंडी साइटच नाही, स्कोप काढून बघणार कशाने?

टिक्काची अजून एक गोम आहे, ती दुकानात कुणी सांगत नाही. ही कंपनी सगळ्या काडतुसांना एकाच लांबीची बॉडी वापरते. तुमचं काडतूस .३०८, म्हणजे आखूड, पण बॉडी लांब काडतुसाच्या मापाची. त्यामुळे रिंगांमधलं अंतर वाढतं आणि आखूड नळीचा स्कोप दोन्ही रिंगांत पुरत नाही. पुरला तरी डोळ्यापासून हवं ते अंतर मिळत नाही, कारण स्कोपवरची, नेम हलवणाऱ्या बटणांची मधली पेटी रिंगेला अडते. विकत घेण्याआधी स्कोपच्या सरळ नळीची लांबी मोजा, पेटीच्या पुढची वेगळी आणि मागची वेगळी.

स्कोपचं उत्तर आता सोपं आहे. तुमच्या गोऱ्या मित्राचं ऐका. ३-९×४०, नाहीतर २.५-८×३६, एक इंच म्हणजे २५.४ मिमी नळीचा, वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. तीन किलोची रायफल, त्यात स्कोप, रिंगा, पट्टा आणि काडतुसं धरून पावणेचारपर्यंत जाते. ५-२५×५६ लावला की साडेचारवर. जास्तीचे पैसे देऊन हलकी रायफल घेतली, मग सगळं वजन परत वर चढवायचं कशाला? आणि हे वजन बसतं माथ्यावर. हातात धरली की रायफल कुशीवर वळायला लागते, उभ्याने नेम धरताना तर फारच.

पटींचं वेड आपल्याकडे फार आहे. फौजेतल्या ड्रॅगुनोव्ह रायफलीवरची पीएसओ-१ दुर्बीण फक्त ४ पट दाखवते, ४×२४, आणि लोकांनी तिच्यावर पाचशे-सहाशे मीटरवर काम केलंय. तुम्ही ३०० मीटरच्या पलीकडे गोळी टाकणार नाही, निदान पहिली काही वर्षं टाकू नये. ९ पट त्याला भरपूर. उलट खालची पट जास्त महत्त्वाची. तिथल्या दाट बुशमध्ये हरिण ३०-४० मीटरवर समोर येतं. ३ पटीला १०० मीटरवर साधारण ११ मीटर रुंदीचं दृश्य दिसतं, ५ पटीला ७ च्या आसपास. चाळीस मीटरवर ५ पटीत दृश्य अरुंद पडतं, हरणाचा खांदा कुठला आणि फांदी कुठली ते शोधत बसावं लागतं. जंगलात शिरताना स्कोप कायम खालच्या पटीला ठेवायचा. लांबचं जनावर दिसलं तर पट वाढवायला वेळ मिळतो, जवळच्याला मिळत नाही.

५६ मिमीच्या मोठ्या काचेचं समर्थन दुकानदार संधिप्रकाशावर करेल. हिशेब साधा आहे: पुढच्या काचेचा व्यास भागिले पट, म्हणजे डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी. ४० मिमी आणि ६ पट, तर ६.७ मिमी. तरुण माणसाची बाहुली अंधारात फार तर ७ मिमी उघडते, माझ्या वयाला पाचच्या आसपास. त्याहून जाड झोत आला तरी बुबुळावर आपटून वाया जातो. तेव्हा संध्याकाळी पट ६ वर आणा, ४० मिमीची काच पुरते. शिवाय सरकारी जमिनीवर सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच शिकारीला परवानगी आहे. काळोखात बघायची तुम्हाला मुभाच नाही. आणि जाड नळीने उजेड वाढतो हे साफ खोटं. ३० किंवा ३४ मिमी नळीत मुख्यतः बटणं फिरवायला जागा जास्त मिळते, ती हजार मीटरवाल्यांची गरज.

मोठ्या काचेचा आणखी एक तोटा म्हणजे स्कोप उंच बसवावा लागतो. मग कुंद्यावर गाल टेकला की डोळा स्कोपच्या खाली राहतो आणि मान उचलून नेम धरावा लागतो. हलक्या रायफलीवर गाल पक्का टेकलेला नसेल तर धक्क्याला तोंडात मार बसतो. ४० मिमीचा स्कोप कमी उंचीच्या रिंगांत बसतो. फक्त बोल्टची मूठ वर उचलल्यावर मागच्या भिंगाला लागत नाही आणि पुढची काच रायफलीच्या नळीला टेकत नाही, एवढं पाहा. मध्ये पोस्टकार्ड सरकलं पाहिजे.

स्कोपमधल्या नेमाच्या रेषांमध्ये साधी जाड-बारीक फुली घ्या. पटीबरोबर रेषाही लहानमोठ्या होणारे स्कोप मिळतात, त्यात ३ पटीला फुली केसासारखी बारीक होते आणि बुशच्या काळोख्या हिरव्यात दिसेनाशी होते. बटणांवर टोपणं असलेली बरी, काट्याकुट्यांतून चालताना उघडं बटण फिरतं आणि कळतही नाही. डोळ्यापासूनचं अंतर ९० ते १०० मिमी मिळणारा घ्या. याहून कमी असेल तर चढावर झोपून वर नेम धरताना धक्क्याने स्कोपची कडा लागून भुवईवर चंद्रकोरीसारखा व्रण उमटतो, आणि ती कोर बरीच वर्षं टिकते.

बसवताना काय काय होतं, ते नीट सांगतो. आधी सगळे स्क्रू, भोकं आणि रिंगांची आतली बाजू थिनरने पुसून कोरडी करा. कारखान्यातलं तेल राहिलं तर पकड निम्मी. बेसच्या स्क्रूंना निळं लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारं द्रव) एक थेंब. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना नको, ते ओलं असताना वंगणासारखं काम करतं आणि त्याच जोराला स्क्रू जास्त कसला जातो. बेस बसवला की पुढच्या बाजूचे स्क्रू नक्की तपासा. एखादा स्क्रू लांब असला तर तो खाली नळीच्या आट्यांवर टेकतो. हाताला घट्ट लागतो, पण बेस मात्र हवेतच राहतो. नाहीतर तो आत बोल्टच्या दातांना घासतो. स्कोप लावल्यावर बोल्ट जड फिरायला लागला तर दुसरं काही शोधत बसू नका. तो स्क्रू काढून टोक बघा, चमकत असेल.

रिंगांचे खालचे भाग लावून त्यात स्कोप नुसता ठेवा. दाबून बसवावा लागत असेल तर रिंगा एका रेषेत नाहीत आणि तुम्ही नळी वाकवताय. नीट बसला की वरचे भाग बोटाने कसा. मग डोळ्याचं अंतर ठरवायचं, ते सर्वात जास्त पटीवर आणि शिकारीला घालणार तोच जाड जाकीट अंगात घालून. जमिनीवर झोपून, समोर थोडा चढ धरून बघा. उभ्याने घेतलेलं अंतर झोपल्यावर दोन सेंमीने तरी कमी होतं.

फुली सरळ करायला ओळंबा टांगा. याचा लोक नको तेवढा बाऊ करतात. तीन अंश तिरपी राहिली तरी ३०० मीटरवर चार-एक सेंमीचा फरक पडतो. डोळ्याला सरळ दिसली की पुरे.

कसताना कोपऱ्या-कोपऱ्याने, पाव-पाव फेरा. रिंगेच्या दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. जोर किती, हे माउंटबरोबरच्या कागदावर असतं आणि तोच पाळायचा. साधारणपणे रिंगांना १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे साधारण २ न्यूटन-मीटरपर्यंत. हे फार कमी असतं. आपल्याकडची ‘गच्च पिळ’ वृत्ती इथे नळी चेपते, आणि चेपलेल्या नळीत आतलं भिंग अडकलं की बटण फिरवूनही फुली हलत नाही. एवढासा टॉर्क ड्रायव्हर तिकडे सहज मिळतो, घ्याच. शेवटी रिंग आणि नळी यांच्यावरून नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. पुढे कधी रेघ तुटलेली दिसली तर स्कोप सरकलाय, बोलायचं काम नाही.

झिरो करताना आधी बोल्ट काढून नळीतून २५ मीटरवरचा ठिपका बघा आणि फुली त्यावर आणा. मग २५ वर एक-दोन गोळ्या, मग १००. बटणाचा पाव मिनिटाचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १०० मीटरवर ७ मिमी हलवतो, २५ वर त्याचा चौथा हिस्सा, हे विसरलं की काडतुसं जळतात. १५० ग्रेनच्या गोळीला १०० मीटरवर ५ सेंमी वर ठेवा, २०० ला बरोबर येईल आणि ३०० ला पाऊण फुटाच्या आसपास खाली जाईल. हलक्या रायफलीची नळी पातळ असते, तीन गोळ्यांत तापते आणि चौथी भरकटते. तीन झाडा, बोल्ट उघडा ठेवून थंड होऊ द्या. शिकारीत कामाला येते ती थंड नळीतली पहिलीच गोळी, म्हणून ती कुठे जाते ते वेगळं लिहून ठेवा. तिकडे सप्रेसर (नळीच्या तोंडाला लावायचं, आवाज दाबणारं नळकांडं) कायदेशीर आहे आणि बरेच जण लावतात. लावणार असाल तर तो लावूनच झिरो करा, काढला की गोळीची जागा बदलते.

उरलेले पैसे चांगल्या हाताच्या दुर्बिणीत घाला, ८×३२ किंवा १०×४२. स्कोपने टेहळणी करायची नाही. त्यातून जे बघाल त्यावर नळी रोखलेली असते, आणि झाडीत हलणारं प्रत्येक काही हरिण नसतं. ‘लक्ष्य निःसंशय ओळखा’ हा तिथल्या सात सुरक्षा नियमांपैकी एक आहे, परवान्याच्या परीक्षेत तुम्ही तो पाठ केलाच असेल.

राहिला काकांच्या .३१५ चा प्रश्न. ती बॉडी जुन्या ली-एनफिल्डच्या घडणीची. वर स्कोपसाठी ना खाच, ना भोकं, आणि माथ्यावर चार्जरचा पूल (काडतुसांची क्लिप धरायची कमान) असेल तर तोही आड येतो. बाजूने पट्टी ठोकून स्कोप बसवतात, पण त्यासाठी बॉडीला भोकं पाडावी लागतात. शस्त्रात असा फेरफार परवानाधारक गनस्मिथशिवाय कुणी केला तर तो शस्त्र कायद्याखाली गुन्हा. एवढं करून स्कोप बसतो तो डाव्या अंगाला आणि उंच. काका ती राखणीसाठी आणि धाकासाठी ठेवतात असं तुम्ही लिहिलंय. त्यांची लोखंडी साइट पुढच्या दांडीपाशी हलत नाही ना, एवढं मी बघून देतो. भुसावळला आले की परवान्याची प्रत घेऊन या म्हणावं. जुना स्कोप तिथेच विकून टाका.